फक्की

पहाटे सव्वापाचला मैदान माझ्या एकट्याचं असतं.
गोणीत फक्की, हातात सुतळी, दोन खुंट्या
आणि ओठांत न पेटवलेली विडी.
पस्तीस वर्षं देवळाली कॅम्पात रेघा मारतोय:
खो-खोच्या, हुतुतूच्या, शंभर मीटरच्या,
सव्वीस जानेवारीच्या परेडच्या.
त्या डिसेंबरात साहेबांनी नवाच कागद दिला,
दोन्ही टोकांना एच अक्षरासारखे खांब.
म्हणाले, "दौलत, एक देश येतोय."

एक देश म्हणजे बारा माणसं आणि एक मॅनेजर.
सात खेळणारे, पाच बसणारे.
नकाशात शोधला, चष्मा पुसून परत शोधला.
निळ्या कागदावर माशी बसून गेल्यासारखा ठिपका.
कप्तानाला विचारलं, सगळी मिळून वस्ती किती?
त्याने सांगितलेला आकडा
आमच्या भगूरमध्ये मावला असता.

कप्तान इओआने, पोस्टात शिक्के मारणारा.
फलानी बोटीच्या इंजिनात तेल घालायचा.
तेकी शाळेत बीजगणित शिकवायचा.
भरपगारी रजा कुणालाच नव्हती.
तिकिटांसाठी गावाने डुकरं विकली म्हणे.
खांदे असे की दारातून तिरके शिरत,
पण निफाडकडून वारा सुटला की
हेच गडी सोलापुरी चादरी ओढून
शेकोटीपाशी कोंबड्यांसारखे अंग चोरून बसत.

तिसऱ्या दिवशी तेकीला ताप भरला, आणखी दोघांचं पोट बिघडलं.
सरावाला माणूस कमी.
"मामा, नुसते उभे राहा. तिथे, कडेला."
उभा राहिलो, अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे घेऊन,
मीच मारलेल्या रेघेवर.
आणि आला की चेंडू!
लांबट, कोवळ्या कलिंगडासारखा, थेट छातीवर.
मला दुसरं काय सुचणार?
दम कोंडला आणि सुटलो,
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
पाच पावलं. कुणी धरलं नाही,
हसून सगळे जमिनीला लागले होते.
पुढे फलानी मोकळा दिसला. दिला फेकून.

शिट्टी.

"पुढे नाही द्यायचा, मामा.
पुढे फक्त पळायचं. द्यायचा मागे."
त्याचं इंग्रजी तोडकं, माझं कॅम्पातलं,
तरी नेमकं कळलं.
घरी जाताना सायकलवर तेच डोक्यात.
मी आयुष्यभर काय काय पुढे फेकत आलो,
आणि मागे कोण होतं, बघितलंच नाही.
असो.

रविवारी तोफखान्याच्या पोरांशी सामना.
चौदा मिनिटांचा खेळ, चहा निवायच्या आत संपला.
एकोणीस-सतरा. हरले.
मग गोल करून, हातात हात घालून,
सातही जण एका दमात म्हणाले,
कबड्डी कबड्डी कबड्डी.
पोरांच्या टाळ्यांत मी फक्कीची गोणी बांधत होतो.
गाठ बसेना.

संध्याकाळी इओआने म्हणाला, समुद्र कुठे?
घाटाकडे बोट केलं. तिकडे, कसाऱ्याखाली, फार लांब नाही.
"मग तुमची नदी तिकडेच जात असेल."
नाही रे बाबा.
त्र्यंबकच्या डोंगरात उगवते,
समुद्र हाकेच्या अंतरावर असतो,
आणि त्याच्याकडे पाठ करून निघते.
सगळा मुलूख तुडवत पार पूर्वेच्या समुद्राला.
तो बराच वेळ काडीने माती उकरत राहिला.
"मागे दिला," म्हणाला. "बरोबर आहे."

गेले. दवाने रेघा दोन दिवसांत पुसल्या,
तिसऱ्या दिवशी त्यावर क्रिकेट.
मार्चमध्ये एक कार्ड आलं, तिकिटावर मासा,
शिक्का ठळक आणि सरळ, त्यानेच मारलेला असणार.
आत काय लिहिलंय ते पोरीने वाचून दाखवलं,
पण अर्धं तिलाही लागलं नाही.

खांब अजून काढलेले नाहीत.
साहेब विचारतात. मी म्हणतो, काढतो.
सकाळी त्यांवर साळुंक्या बसतात.
सात नसतात.
कधी चार, कधी पाच.